नांद्रुकाच्या बोन्सायचं पहिलं रिपॉटिंग : एक प्रकरण

पार्श्वभूमी

झाड नांद्रुकाचं. नर्सरीत याला नुसतं 'फायकस' म्हणतात. पूर्ण शास्त्रीय नाव फायकस मायक्रोकार्पा. वड, पिंपळ, उंबराच्या भावकीतलं, म्हणून चिवट. नवख्या माणसाने बोन्साय कुठल्या झाडापासून सुरू करावं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. हे झाड माणसाच्या चुका पोटात घालतं.

ज्यांच्याकडे हे रिपॉटिंग, म्हणजे झाड कुंडीतून काढून, मुळं छाटून ताज्या मिश्रणात पुन्हा लावणं, घडलं त्यांचं नाव देत नाही. सोसायटीत सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. वय साठीच्या पुढे, सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर घर, बाल्कनी पूर्वेची, सकाळी साडेदहापर्यंत ऊन. कुंड्यांचा अनुभव दांडगा: मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, सगळं हातचं. बोन्सायचा अनुभव शून्य. झाड त्यांच्या दादांचं. ते २०२० च्या सुरुवातीला मुलाकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले आणि जाताना कुंडी ताईंच्या हाती देऊन म्हणाले, "रोज पाणी घाल, बाकी काही करू नकोस." ताईंनी हे तीन वर्षं अक्षरशः पाळलं.

झाडाची उंची ४५ सेंटिमीटर, बुंधा मातीलगत ७ सेंटिमीटर जाड. निळी लंबगोल कुंडी ३५ बाय २५, खोली ७. बुंध्याची जाडी तेवढी कुंडीची खोली हा बोन्सायमधला ढोबळ हिशेब इथे बरोबर जुळत होता, तेव्हा दादांना कळत होतं म्हणायचं. शेवटची कुंडी कधी बदलली हे त्यांनाही आठवेना. फोनवर म्हणाले, "झाली असतील चार-पाच वर्षं." त्यात ताईंकडची तीन मिळवायची.

अडचण

फेब्रुवारी २०२३ मध्ये ताईंनी मला वर बोलावलं. पानं पिवळी पडून गळत होती आणि शेंड्याकडच्या दोन काड्या वाळल्या होत्या. पाणी घालून दाखवा म्हटलं. तांब्या ओतला, पाणी वर साचलं, मग कडेने वाट काढून सरळ ताटलीत. जेमतेम दहा सेकंद. कुंडी उचलून पाहिली तर तांब्याभर पाणी घातल्यावरही हलकी. खालच्या भोकांतून मुळं बाहेर आलेली, आणि सगळ्यात बोलकं म्हणजे माती काठाच्या वर बोटभर चढलेली. कुंडीत जागा उरली नाही की मुळं झाडाला असं वर ढकलतात.

ताईंचं निदान होतं खत कमी पडतंय. म्हणून त्यांनी जानेवारीत वर ओंजळभर शेणखत पसरलं होतं. ते वाळून त्याची पापडी झाली आणि पाणी आणखीच वरच्या वर जायला लागलं. माझं निदान होतं मुळं गच्च झालीत. तेही अर्धंच बरोबर होतं, पण ते कळायला जुलै उजाडला.

कोणकोणते पर्याय होते

ताईंना तेव्हाच्या तेव्हा कुंडी बदलायची होती. त्यांनी पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंत वसंताच्या तोंडावर, कळ्या फुगताना रिपॉटिंग करतात. ते बरोबरच आहे, पण ते व्हिडिओ इंग्लंड-जपानमधले, आणि तिथल्या मार्चनंतर झाडाला थंडगार एप्रिल मिळतो. आपल्याकडे मार्चनंतर पुण्यातही पारा चाळिशीला भिडतो. तरी खरं सांगायचं तर नांद्रुकाला फेब्रुवारीअखेर किंवा मार्चचा पहिला आठवडा चालला असता. उष्ण कटिबंधातलं झाड आहे, उबेत मुळं झपाट्याने धरतं. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. एप्रिलमध्ये ताई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर नागपूरला जाणार होत्या. मुळं कापलेलं झाड ऐन उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडायचं हे मला पटेना.

दुसरा पर्याय त्यांच्या माळ्याने सुचवला: नुसती मोठी कुंडी घ्या, गोळा आहे तसा उचलून ठेवा, बाजूने माती भरा. जास्वंदीला हे चालतं. इथे आतला गच्च गोळा तसाच राहिला असता आणि नव्या मातीतलं पाणी त्याला वळसा घालून गेलं असतं. माळी स्वतः करून द्यायलाही तयार होता, "वीस मिनिटांचं काम, वरून पण निम्मं उतरवतो, खाली कापलं की वर कापायचं." या वाक्यावर आमचं बरंच बोलणं झालं. मुळं कमी केली की पानं कमी करून तोल साधायचा ही जुनी समजूत आहे, आणि पानांतून उडणारं पाणी कमी होतं एवढं त्यात खरंही आहे. पण नवीन मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच करतात. आधीच पिवळं पडलेल्या झाडाची उरलीसुरली हिरवी पानं काढली तर ते मुळं कशाच्या जोरावर काढणार? ठणठणीत नांद्रुक दोन्ही एकदम सोसतो. आजारी झाडाला एका वेळी एकच धक्का.

तेव्हा ठरलं असं: पाऊस सुरू झाल्यावर मुळांचं काम, आणि वरची छाटणी नवी पालवी जोमाने आल्यावर. तोवर शेणखताची पापडी खरवडून काढायची, विणकामाच्या बांबूच्या सुईने मातीत दहा-बारा भोकं पाडायची आणि तांब्याने पाणी घालण्याऐवजी कुंडी टबात काठापर्यंत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. एवढ्यानेच पानगळ निम्म्यावर आली. ताई नागपूरला गेल्या तेव्हा टबाचं काम माझ्याकडे आलं.

पावसाची वाट

२०२३ चा जून ज्यांना आठवतो त्यांना पुढचं सांगायला नको. बिपरजॉय चक्रीवादळाने मोसमी पावसाचं वेळापत्रक विस्कटलं. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या तरी मोसमी पावसाचा पत्ता नव्हता. ताई रोज विचारायच्या, "आता करूया का?" नव्या मिश्रणासाठी विटा फोडून तयार, झाड बांधायला तार आणलेली, हात शिवशिवत होते. मीही एकदा जवळजवळ हो म्हटलं होतं. शेवटी २५ जूनला मुंबई आणि दिल्लीत मोसमी पाऊस एकाच दिवशी पोचल्याची बातमी आली, पुण्यातही हवा पालटली. आषाढी झाल्यावरचा रविवार, २ जुलै, हा दिवस पक्का केला.

ही वाट पाहणं गरजेचं होतं का? आज विचाराल तर दहा जूनलाही चाललं असतं. नांद्रुकाला हवेत ओल हवी आणि अंगावर कडक ऊन नको. बाल्कनीच्या आतल्या बाजूला, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ते तेव्हाही मिळालं असतं. पण पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या जिवाला स्वस्थता हवी असते, आणि पावसाळी हवेत ती येते.

कुंडी बदलण्याचा दिवस

माती म्हणजे खरं तर माती नव्हतीच. विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, चाळलेलं जुनं शेणखत एक भाग. वीट कुटून चाळायची आणि ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतचेच तुकडे ठेवायचे. मोठे बाजूला, भुकटी तर हमखास बाहेर, कारण तीच पुढे चिखल होऊन भोकं बुजवते. ताईंनी तुकडे बादलीत पाच वेळा धुतले. पहिलं पाणी चहासारखं लाल, पाचवं नितळ. "एवढ्या खड्यांत झाड जगतं?" हा प्रश्न त्यांनी दिवसभरात चार वेळा विचारला. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. पण उथळ कुंडीत काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की भेगाळलेली. मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

हाताला खोबरेल लावून बसलो, फणस कापताना लावतो तसं. नांद्रुकाचा चीक चिकट असतो आणि काहींच्या हाताला खाजही येते.

कुंडीच्या कडेने जुनी सुरी फिरवली, खालून तार कापली आणि झाड बुंध्याला धरून उचललं. बाहेर आलं ते कुंडीच्याच आकाराचं. काथ्याच्या पायपुसण्यासारखा मुळांचा जाड थर, निळ्या कुंडीच्या तळाची भोकंसुद्धा त्यावर उमटलेली. वाकवलेल्या काटाचमच्याने बाहेरून आत अशी मुळं विंचरायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने काटा कशावर तरी खट् वाजला.

बुंध्याच्या बरोबर खाली मोसंब्याएवढा लाल मातीचा गोळा होता. नर्सरीत रोप पहिल्यांदा वाढवलं तेव्हाची माती, वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेली. आदल्या संध्याकाळी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवली होती. बाहेरची मुळं ओली होती. या गोळ्याचा टवका उडवला तर आत भाजलेल्या विटेसारखा कोरडा ठणठणीत. झाड पिवळं का पडत होतं त्याचं उरलेलं अर्धं उत्तर हे. बुंध्याजवळची मुळं कैक महिने तहानलेली होती आणि वरून घातलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. माळ्याची मोठी कुंडी इथे काहीही करू शकली नसती.

इथे दिवसातला सगळ्यात अवघड निर्णय आला. गोळा पूर्ण काढायचा की नाही? पूर्ण काढला तर प्रश्न एकदाच मिटतो, पण त्यात रुतलेली बारीक मुळं तुटणार, आणि बाहेरची एक तृतीयांश मुळं आम्ही तोवर छाटलीच होती. न काढला तर सगळा खटाटोप वाया. मी म्हटलं, तळ आणि एक बाजू साफ करू, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. ताईंनी जुन्या टूथब्रशने आणि बांबूच्या सुईने पाऊण तास खपून डावीकडचा अर्धा भाग मोकळा केला, मध्ये मध्ये मुळांवर पाणी शिंपडत. मग कुंडीच्या काठावर साफ केलेल्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ही युक्ती त्यांची, मला सुचली नव्हती.

दुसरा अडकलेला क्षण अंगठ्याएवढ्या जाड मुळाचा. बुंध्याखालून निघून कुंडीला पूर्ण वेढा घालणारं. ताईंचा हात थबकला, "हे कापलं तर मरेल गं." जाड मूळ म्हणजे पाण्याची मोठी पाइपलाइन, पाणी प्यायचं काम टोकाच्या तंतुमुळांचं. तेव्हा बघायचं एवढंच, की बुंध्याकडच्या भागाला पुरेशी तंतुमुळं आहेत का. होती, चांगली मूठभर. मग हॅक्सॉच्या पात्याने बुंध्यापासून चार बोटांवर तिरका काप घेतला, कापलेलं तोंड खाली. पांढरा चीक आला, पाणी मारल्यावर थांबला.

पुढचं भराभर झालं. भोकांवर जाळी, भोकांतून वर घेतलेली दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, मिश्रणाचा थर, त्यावर झाड किंचित मागे सरकवून, मग तारेने मुळांचा गोळा कुंडीला आवळून बांधला. बांधणं नवखी माणसं टाळतात, आणि तिथेच फसतात: झाड वाऱ्याने डुललं की नाजूक नवी मुळं रोज तुटतात. बांबूच्या सुईने मिश्रण मुळांच्या फटींत सरकवलं आणि झारीने पाणी, खालून स्वच्छ येईपर्यंत. कुंडी जुनीच ठेवली.

एक फांदी

मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा डावीकडची पहिली, सगळ्यात खालची फांदी ताईंच्या मांडीवर होती.

त्यांचं कारण ऐका. फांदी बारीक होती, तिच्यावर पाच-सहाच पानं होती, आणि इतकी मुळं कापल्यावर कात्रीची भीती गेली होती. "एवढी एकच, मरतुकडी दिसत होती." वरची छाटणी नंतर हे ठरलेलं होतं, त्यांना पाठही होतं. पण मी फक्त 'वर आज कात्री नको' एवढंच म्हटलं होतं. खालच्या फांद्या मुळातच दुबळ्या का असतात, हे झाड जोर शेंड्याला देतं आणि खाली हात आखडता घेतं, म्हणूनच छाटणी वर जास्त आणि खाली कमी करायची, हे मी सांगितलंच नव्हतं. कारण माहीत नसलेला नियम चहा उकळेपर्यंतच टिकतो.

ती फांदी म्हणजे झाडाच्या आकाराचा पाया होता. आता परत चिकटवता येणार नव्हती. जखम धारदार चाकूने गुळगुळीत केली आणि तांबेयुक्त बुरशीनाशकाची पेस्ट लावली. चहा गार झाला.

नंतरचे तीन महिने

पहिले दोन आठवडे बाल्कनीच्या आतल्या भिंतीला, उजेड भरपूर, थेट ऊन नाही. कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा, म्हणजे तिरकी राहून पाणी लवकर निथळतं. सहाव्या दिवसापासून पानं पिवळी पडायला लागली. ताईंनी मोजली: एक्केचाळीस. आठव्या दिवशी फोन, "मुळांना जोर यायला थोडं युरिया घालू?" नको. ताज्या कापलेल्या मुळांना रासायनिक खत झोंबतं. त्याऐवजी एका काडीची साल नखाने किंचित खरवडायला सांगितली. खाली हिरवं दिसलं. हिरवं आहे तोवर हात खिशात ठेवायचे.

एकोणिसाव्या दिवशी शेंड्याला कोंब दिसला.

मग ऑगस्टने वेगळीच परीक्षा घेतली. आम्ही सगळी तयारी अतिपावसाची केली होती आणि तो ऑगस्ट देशभरात विक्रमी कोरडा गेला. विटांचं मिश्रण जुन्या मातीच्या मानाने फार लवकर वाळतं. ताई पावसाळा आहे म्हणून एक दिवसाआड पाणी घालत होत्या. एका शनिवारी कोवळे शेंडे माना टाकून बसलेले. त्या दिवसापासून उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खोचून ठेवायची पद्धत सुरू झाली: बाहेर काढून गालाला लावायची, गार लागली तर थांबायचं, कोरडी लागली तर पाणी. कॅलेंडर बघून पाणी घालणं तेव्हाच बंद झालं.

ऑगस्टच्या मध्याला खत सुरू केलं, शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी, पातळ, दर पंधरा दिवसांनी. त्याचा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर ड्रेनेज तुंबल्याची तक्रार आली. ताई गप्प राहिल्या. मीही.

नवरात्राच्या आधी, फांद्यांवर सात-आठ नवी पानं आल्यावर, वरची छाटणी केली. शेंड्याकडच्या फांद्या दोन पानांवर, मधल्या तीन-चारवर, खालच्या तशाच सोडल्या. या वेळी कुठली फांदी का, हे प्रत्येक कापाआधी ताईंनी मोठ्याने सांगायचं, मग कात्री. चाळीस मिनिटं लागली. एकदा त्यांनीच मला थांबवलं.

निकाल

ऑक्टोबरमध्ये कापलेल्या फांदीच्या जखमेखाली दोन डोळे फुटले. नांद्रुक जुन्या लाकडातूनही फुटतो, हे त्याचं मोठेपण. एक ठेवला, दुसरा चिमटला. ठेवलेल्याला वर्षभर कात्री लावली नाही, कारण फांदी जाड व्हायची तर ती लांब वाढू द्यावी लागते. बाल्कनीत येणारा प्रत्येक जण ती लांबुडकी काडी पाहून 'ही कापायची राहिली' म्हणतो.

जुलै २०२४ मध्ये, ठरल्याप्रमाणे, उरलेला अर्धा गोळा काढायला झाड पुन्हा उचललं. नेलपॉलिशच्या ठिपक्याच्या बाजूला पांढऱ्या, शेवयांसारख्या मुळांचं जाळं, विटेच्या तुकड्यांना मिठी मारून बसलेलं. दुसऱ्या बाजूला जुनीच तपकिरी मुळं आणि लाल ढेकूळ, वर्षभरात जवळपास काही न घडल्यासारखं. एकाच कुंडीत, एकाच पाण्यावर. तो गोळा या वेळी ताईंनी एकटीने सोडवला. या खेपेला पानं गळली अकरा.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारीत विणकामाच्या सुईने भोकं पाडताना मधोमध सुई अडली होती. मी जोर लावून बाजूला पाडली आणि विसरले. तिथे थांबून विचार केला असता तर गोळ्याचा पत्ता पाच महिने आधी लागला असता आणि उन्हाळ्यात सुई मुद्दाम त्यातच घालत राहिलो असतो.

गोळा अर्धाच काढण्याबद्दल मतभेद आहेत. आमच्यातल्या एका जुन्या बोन्सायवाल्यांनी फोटो पाहून सांगितलं की नांद्रुकाचा पूर्ण काढायचा, उगीच सदाशिवपेठी काटकसर केलीत. सशक्त झाड असतं तर मीही पूर्ण काढला असता. या झाडाला मी तेव्हा घाबरले होते हेही खरं.

फांदीच्या बाबतीत उपाय अगदी साधा होता: जी ठेवायची तिला लोकरीचा धागा बांधायचा. आता मी कोणाच्याही पहिल्या रिपॉटिंगला जाताना लाल लोकर नेते, आणि कात्री माझ्याबरोबर स्वयंपाकघरात येते.

दादा दिवाळीत व्हिडिओ कॉलवर झाड बघत होते. पानं बघितली, कुंडी बघितली, खूश झाले. मग म्हणाले, "अगं, त्याचा डावा हात कुठे गेला?"

ताईंनी फोन जरा जवळ नेला आणि त्या लांबुडक्या काडीवर धरला.